गड चढणारे आजोबा

चला, आज आपण सिंहगडावर जाऊ. मार्चचा शेवटचा आठवडा आहे, चैत्राची चाहूल लागली आहे. रविवारची पहाट. पुण्याच्या नैर्ऋत्येला सुमारे ३० किलोमीटरांवर गडाच्या पायथ्याशी आतकरवाडी आहे. तेथून पायवाट सुरू होते. बरोबर तुमचे आजोबा आहेत आणि त्यांचे दहा-बारा सोबती. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी बँकेतले, दोन-तीन आजीही आहेत. सगळ्यांचे वय पासष्ट ते पंचाहत्तरच्या दरम्यान. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या डोक्याला उपरणे, आणि प्रत्येकाच्या पिशवीत पाण्याची बाटली.

सव्वासहा वाजता सगळे निघतात. पहिल्या वळणापर्यंतच तुमचा धीर सुटतो. ही माणसे किती हळू चालतात! तुम्ही पुढे धाव घेता. दहा मिनिटांत ती खाली ठिपक्याएवढी दिसू लागतात. आणखी दहा मिनिटांनी मात्र तुम्ही एका दगडावर बसलेले असता. छाती भात्यासारखी हलते आहे, तोंड कोरडे पडले आहे. तेवढ्यात मंडळी गप्पा मारीत येतात, हसतात आणि न थांबता पुढे निघून जातात. तुम्ही उठता, पुन्हा धावता, पुन्हा बसता. असे तीन-चार वेळा होते.

तुमचे पाय तरुण, हृदय तरुण, फुप्फुसे तरुण. मग दमलात तुम्ही आणि बोलत गेले ते, असे का? या प्रश्नाचे उत्तर थोड्या गणितात आहे आणि थोडे आपल्या शरीरात.

चढाचा हिशेब

आतकरवाडीपासून गडाच्या माथ्यापर्यंतचा चढ सुमारे ६०० मीटर उंचीचा आहे. समजा, तुमच्या आजोबांचे वजन ६० किलोग्रॅम आहे. एवढे वजन ६०० मीटर उचलायला किती कार्य करावे लागेल? तुम्ही भौतिकशास्त्रात शिकलेले सूत्र वापरा : वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. ६० × ९.८ × ६०० म्हणजे ३,५२,८०० जूल. साडेतीन लाख जूल म्हणू.

आता गंमत पाहा. या सूत्रात वेळ कोठेच नाही! तुम्ही तासाभरात चढा की दोन तासांत, कार्य तेवढेच. वेळ येतो तो शक्तीच्या सूत्रात. एका तासात चढणाऱ्याला दर सेकंदाला ९८ जूल, म्हणजे ९८ वॅट शक्ती लागते. दोन तासांत चढणाऱ्याला लागते ती ४९ वॅट. आजोबांनी वेग निम्मा केला म्हणजे काम टाळले असे नव्हे. त्यांनी तेच काम निम्म्या शक्तीत बसवले.

आणि तुम्ही काय केलेत? धावताना तुमच्या शरीराने कदाचित दोनशे वॅट दिले आणि बसलात तेव्हा शून्य. सरासरी काढली तर ती आजोबांच्या जवळपास येते. पण शरीर सरासरीवर चालत नाही. स्नायूंना जोपर्यंत पुरेसा प्राणवायू मिळतो तोपर्यंत ते तासन्‌तास काम करू शकतात. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की ते काही ऊर्जा प्राणवायूवाचून मिळवतात. हा मार्ग झटपट असला तरी थोडाच वेळ चालतो. नंतर थांबून, धापा टाकून ते देणे फेडावे लागते. दगडावर बसून तुम्ही तेच करीत होता.

डोंगर चढायला किती वेळ धरावा, याचा एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नायस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला. सपाटीवरच्या दर तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. दोन हजार फूट म्हणजे सुमारे ६०० मीटर, म्हणजे जवळजवळ आपला सिंहगडच. वाटेची लांबी तीन किलोमीटरांच्या आसपास धरली तर हिशेब दीड तासाच्या थोडा पुढे जातो. आजोबांची मंडळी दोन तास धरतात. मध्ये पाणी प्यायला थांबायचे असते ना!

हृदयाची कमाल मर्यादा

आजोबा आपली शक्ती एवढी जपून का वापरतात? कारण त्यांच्याजवळची कमाल शक्ती आता कमी आहे आणि त्यांना ते पक्के ठाऊक आहे.

आपल्या हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा समूह असतो. प्रत्येक ठोक्याची सुरुवात तेथून होते. वय वाढते तसा या समूहाचा कमाल वेग कमी होत जातो. हृदयाला जोरात धावायला लावणाऱ्या ॲड्रेनॅलिन या संप्रेरकालाही ते पूर्वीइतका प्रतिसाद देत नाही. कमाल ठोक्यांचा एक ढोबळ नियम आहे : २२० मधून वय वजा करा. तुम्ही चौदा वर्षांचे असाल तर उत्तर येते २०६. आजोबा सत्तर वर्षांचे असतील तर १५०. हा नियम अगदी अचूक नाही, माणसामाणसांत बराच फरक असतो. पण फरकाची दिशा त्यावरून कळते.

स्वस्थ बसले असताना दोघांचे ठोके मिनिटाला ७२ आहेत असे धरा. मग तुमच्या हाताशी वाढीव १३४ ठोके आहेत, तर आजोबांच्या हाताशी फक्त ७८. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, तेही वयाबरोबर घटते. तिशीनंतर दर दहा वर्षांना सुमारे दहा टक्के, असा साधारण अंदाज आहे. जे नियमित चालतात, चढतात, त्यांच्यात ही घट कमी असते.

म्हणूनच मंडळी चढताना गप्पा मारतात! तुम्हांला वाटले असेल, त्यांना वेळ घालवायचा आहे. तसे नाही. बोलणे हे त्यांचे मोजमाप आहे. चालताना पूर्ण वाक्य सलग बोलता आले, पण गाणे म्हणता आले नाही, तर वेग योग्य. वाक्य मध्येच तुटू लागले, तर वेग जास्त झाला. यासाठी यंत्र लागत नाही, घड्याळही लागत नाही. शेजारचा सोबती आपोआप परीक्षक होतो.

उष्णता कोठे जाते?

अर्धी वाट सरली. ऊन वर आले. उतारावर पांगारा लाल फुलला आहे. अंगावर एकही पान नाही, नुसती फुले. कोरड्या दिवसांत जमिनीत पाणी कमी असते. पानांवाटे सतत बाष्प बाहेर पडते. म्हणून ही झाडे पानेच गाळून टाकतात आणि पाणी वाचवतात.

माणसाला मात्र असे करता येत नाही. उलट, चढताना त्याला पाणी खर्चावेच लागते. का, ते पाहा. आपले स्नायू अन्नातून जी ऊर्जा घेतात, तिचा साधारण पाव भागच कामी येतो. उरलेला पाऊण भाग उष्णता होतो. साडेतीन लाख जूल कार्य करायला आजोबांच्या शरीराने सुमारे चौदा लाख जूल खर्च केले. त्यांतले साडेदहा लाख जूल उष्णता झाली. ही उष्णता बाहेर गेली नाही, तर शरीराचे तापमान वाढत जाईल.

ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. त्वचेवरचा एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० जूल उष्णता घेऊन जातो. साडेदहा लाखांना २,४०० ने भागा. उत्तर येते सुमारे ४४० ग्रॅम. म्हणजे नुसत्या या चढासाठी जवळजवळ अर्धा लिटर पाणी! शिवाय जो घाम न वाळता ओघळून खाली पडतो, तो उष्णता घेऊन जात नाही. तो वायाच जातो. सकाळच्या गार वाऱ्याने थोडी मदत होते, म्हणून मंडळी पहाटे निघतात. भर दुपारी पुण्याकडे पारा ३५ अंश सेल्सियसच्या पुढे गेला, की हवा जवळजवळ त्वचेएवढीच तापलेली असते. मग वारा उष्णता नेत नाही. सगळा भार एकट्या घामावर येतो.

संथ चालीचा येथेही उपयोग होतो. एकूण उष्णता तेवढीच, पण ती एका तासाऐवजी दोन तासांत तयार होते. दर सेकंदाला बाहेर टाकायची उष्णता निम्मी झाली. वयस्क माणसाला घाम कमी येतो, त्वचेतला रक्तप्रवाहही तितका वाढत नाही. म्हणून ही सवलत त्यांना फार मोलाची असते.

न लागणारी तहान

वाटेवरच्या एका झाडाच्या सावलीत आजोबा थांबतात. "पाणी," एवढेच म्हणतात.

"मला नको हो, तहानच नाही," एक आजी म्हणतात.

"तहान कोणी विचारली, वहिनी? वीस मिनिटे झाली, चार घोट घ्या."

तुम्हांला हे चमत्कारिक वाटेल. तहान नसताना पाणी कशाला? पण या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून नीट लक्ष द्या.

१९८४ साली एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वीस ते एकतीस वर्षांचे सात तरुण आणि सदुसष्ट ते पंचाहत्तर वर्षांचे सात वयस्क पुरुष त्यात होते. सगळे निरोगी. त्यांना २४ तास पाणी दिले नाही. नंतर हवे तेवढे पाणी प्यायची मोकळीक दिली. तपासणीत दिसले, की पाण्याची कमतरता वयस्कांच्या रक्तात अधिक स्पष्ट होती. पण तहान मात्र त्यांना तरुणांपेक्षा कमी लागली होती! पाणीही ते कमी प्याले. म्हणजे शरीराला पाणी हवे होते, पण तशी सूचना देणारी घंटाच मंद झाली होती.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. तरुणाच्या शरीरात वजनाच्या सुमारे साठ टक्के पाणी असते. म्हातारपणी ते पन्नास टक्क्यांच्या आसपास येते. साठाच लहान. आणि मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची क्षमताही कमी होते. काही जण रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी औषधे घेतात, त्यांच्या बाबतीत ही काळजी अधिक घ्यावी लागते. किती पाणी प्यायचे हे त्यांनी डॉक्टरांना विचारून ठेवलेले असावे. म्हणून तुमच्या आजोबांच्या मंडळींनी तहानेचे काम घड्याळाकडे सोपवले आहे.

आता पुढची वाट. शेवटचा चढ उन्हात आहे. एव्हाना तुम्ही शहाणे झाला आहात, मंडळींच्या मागून त्यांच्याच चालीने येत आहात. तुमच्या पुढे मास्तर चालले आहेत. सकाळपासून सगळ्यांना हसवणारे हेच. पण गेली पाच मिनिटे ते गप्प आहेत. तुम्ही काही विचारले तर नुसती मान हलवतात. पाऊल थोडे भेलकांडते आहे. पाणी पिण्याच्या वेळी त्यांनी "पुढे घेतो" म्हटलेले तुम्हांला आठवते.

काय कराल? "मास्तर मोठे आहेत, आपण कसे बोलावे," असा विचार करू नका. तुम्ही हाक मारता : "आजोबा, थांबा! मास्तरांना काहीतरी होतंय."

मंडळी धावपळ करीत नाहीत. मास्तरांना सावलीत निजवतात, पायांखाली पिशव्या ठेवून पाय थोडे उंच करतात. उतरत्या रक्ताला मेंदूकडे परत आणायचा हा सोपा उपाय. सदऱ्याची बटणे सैल करतात. ओले उपरणे मानेवर आणि कपाळावर ठेवतात, कोणी वारा घालतो. मास्तर शुद्धीवर आहेत, विचारलेल्या प्रश्नांची नीट उत्तरे देतात, म्हणून त्यांना घोट घोट पाणी आणि चिमूटभर मीठ घातलेले लिंबू-सरबत दिले जाते. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते, ते असे भरून निघते. दहा मिनिटांत चेहऱ्यावर रंग येतो. पहिले वाक्य काय, तर "मला तर काहीच वाटत नव्हते!"

खरेच वाटत नव्हते. घंटा वाजलीच नव्हती. ती तुम्ही वाजवलीत.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. माणूस बेशुद्ध असेल, असंबद्ध बोलत असेल, अंग तापलेले असेल किंवा छातीत दुखते म्हणत असेल, तर तोंडात पाणी घालू नये. अंग तापलेले असेल तर ते ओले करून वारा घालावा आणि क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. उष्माघात ही थट्टेची गोष्ट नव्हे. गडावर मोटाररस्ता जातो, हे बरे. मंडळी मास्तरांना परत पायवाटेने उतरू देत नाहीत. सोबत देऊन गाडीनेच खाली पाठवतात.

उतार सोपा की अवघड?

पुणे दरवाज्यातून आत आल्यावर गार वारा लागतो. दर किलोमीटर उंचीला हवेचे तापमान सरासरीने साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे पायथ्यापेक्षा येथे सुमारे चार अंश कमी. खाली खडकवासल्याचे पाणी चमकते आहे. डबे उघडतात, पिठले-भाकरी आणि ताक होते. मग उतरायचे.

तुम्ही म्हणाल, आता काय, उतारच तर आहे! पण बघा, चढताना कुरकुर न करणारे आजोबा आता काठी पुढे टेकवून जपून पाऊल टाकतात.

१९५२ साली लंडनमध्ये ॲबट, बिग्लंड आणि रिची या शास्त्रज्ञांनी एक मजेदार प्रयोग दाखवला. दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकावर धिप्पाड गृहस्थ बसून पुढे पायडल मारीत होते. दुसरीवर लहानखुऱ्या चणीच्या बाई बसून उलट फिरणाऱ्या पायडलांना नुसता विरोध करीत होत्या. गृहस्थ घामाघूम झाले आणि बाई मजेत राहिल्या! कारण ताणाखाली लांबत जाणारा स्नायू आखडणाऱ्या स्नायूपेक्षा अधिक बल देतो आणि त्याला प्राणवायू फार कमी लागतो.

उतरताना मांडीचे पुढचे स्नायू हेच करतात. प्रत्येक पावलाला ते ताणाखाली लांबत शरीराला रोखून धरतात. म्हणून दम लागत नाही. पण अशा ताणाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात. दुखणे लगेच जाणवत नाही, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते. शिवाय पायऱ्या उतरताना गुडघ्याच्या सांध्यावरचा भार शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास जातो. काठीवर टेकले की त्यातला काही भाग हातांकडे वळतो. दमाचा त्रास नसल्यामुळे माणूस वेग वाढवतो आणि तेथेच पाय घसरतो. वयाबरोबर तोल सावरण्याचा वेगही कमी होतो, हाडेही ठिसूळ झालेली असतात. म्हणून अनुभवी मंडळी चढाला दोन तास देतात आणि उताराला घाई करीत नाहीत.

मग या वयात चढावेच कशाला?

असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. घरी बसलेले काय वाईट? १९९० साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात एक प्रयोग झाला. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा, वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे पूर्वीच्या अडीचपटीहून अधिक झाली! स्नायू म्हातारे झाले तरी शिकायचे थांबत नाहीत. त्यांना काम मिळाले नाही, तर मात्र ते झपाट्याने झिजतात. आणि पायांत ताकद असलेला माणूस पडण्याची भीती कमी असते.

म्हणून आजोबांना "आता तुमचे वय झाले, घरी बसा," असे म्हणू नका. "चला लवकर, किती हळू चालता!" असेही म्हणू नका. पहिल्या सल्ल्याने स्नायू झिजतात, दुसऱ्याने हृदयावर नको तेवढा ताण येतो. त्यांच्याबरोबर त्यांच्या चालीने चला, आणि दर वीस मिनिटांनी पाण्याची बाटली पुढे करा.

करून पाहा

१. स्वस्थ बसून मनगटावरची नाडी अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा. मग दोन जिने धावत चढा आणि लगेच मोजा. विश्रांती घ्या. तेच जिने सावकाश, सलग बोलत चढा आणि मोजा. तिन्ही आकडे वहीत लिहा. काम दोन्ही वेळा तेवढेच होते, मग ठोक्यांत फरक का, ते वर्गात समजावून सांगा.

२. तुमचे वजन आणि जिन्याची उंची घेऊन, दोन्ही वेळा तुम्ही किती वॅट शक्ती वापरली ते काढा.

३. हाताच्या एका पाठीला ओले फडके लावा, दुसरी कोरडी ठेवा. दोन्हींवर पुठ्ठ्याने वारा घाला. कोणती गार वाटते?

४. एका सुटीच्या दिवशी आजी-आजोबांनी सकाळपासून किती पेले पाणी घेतले, ते त्यांच्या परवानगीने मोजा आणि "तहान लागली होती का?" असे दर वेळी विचारा. या प्रयोगात मात्र नुसते टिपून ठेवायचे नाही. पेला रिकामा दिसला की भरून द्यायचा.